तिकडे गेलं की रशियन आपोआप येते? भिलाई, लुमुंबा विद्यापीठ आणि आपले एमबीबीएसवाले

मी तुमचा नेहमीचा होस्ट, दिवसा कोड लिहिणारा आणि रात्री इतिहास चाळणारा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, तेवढं चालवून घ्या.

आजचा भाग एका वाक्यावर आहे. "तिकडे गेलं की भाषा आपोआप येते." जर्मनीला जाणाऱ्याला हेच सांगतात, जपानला जाणाऱ्यालाही हेच. पण आमच्या वर्धा-नागपूर भागात हे वाक्य मला जास्त ऐकू येतं ते रशियाबद्दल, कारण बारावी झालेली पोरं-पोरी एमबीबीएससाठी तिकडे जातात. आता हे वाक्य खरं की खोटं, यावर नुसती मतं मांडत बसायची गरज नाही. आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांनी तिकडे जाऊन रशियन शिकायला लागून साठ वर्षांच्या वर झाली. म्हणजे रेकॉर्ड हातात आहे. तेच आज उघडून बघू.

मी सिंदी (रेल्वे)चा. नाव सांगितलं की समोरचा विचारतो, कंसात रेल्वे काहून? तर नागपूर-वर्धा लाइनवरचं आमचं स्टेशन, तिथून ते नाव. तान्हा पोळ्यासाठी आम्ही आधीपासून प्रसिद्ध, आणि आता ड्राय पोर्टमुळे पेपरात येतो. रशियाचा आणि या गावाचा काय संबंध? आमच्या स्टेशनातून गाडीत बसा. नागपूर, गोंदिया, दुर्ग ओलांडलं की त्याच लाइनवर भिलाई येतं. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला. करार १९५५ चा, आणि पहिली झोतभट्टी सुरू झाली फेब्रुवारी १९५९ मध्ये. कारखाना उभारायला सोव्हिएत इंजिनियर इकडे आले आणि आपले इंजिनियर शिकायला तिकडच्या कारखान्यांत गेले. यंत्रं रशियन, त्यांची माहितीपत्रकं रशियन. भाषेची गरज हौशीतून नाही, झोतभट्टीतून आली.

तशी गोष्ट पवईची. आयआयटी मुंबईची पहिली बॅच १९५८ ची, शंभर विद्यार्थ्यांची. युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाची मदत मिळाली. ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ तिकडून आले, आणि इथल्या प्राध्यापकांना सोव्हिएत संस्थांमध्ये प्रशिक्षणासाठी २७ फेलोशिप मिळाल्या. जेईईची तयारी केलेल्यांना एक नाव सांगतो, लगेच अंगावर काटा येईल: इरोडॉव! ते फिजिक्सचं गणितांचं पुस्तक मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं. आपण इंग्रजी अनुवाद सोडवला, पण त्यामागे एक अख्खी व्यवस्था होती, आणि तिची भाषा रशियन होती.

आता भाषेच्या शिक्षणाकडे येऊ. फेब्रुवारी १९६० मध्ये मॉस्कोत एक नवं विद्यापीठ स्थापन झालं, पीपल्स फ्रेंडशिप युनिव्हर्सिटी. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांसाठी. पुढच्या वर्षी काँगोचे पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची हत्या झाली आणि विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. १९९२ मध्ये ते नाव काढलं, २०२३ मध्ये परत आलं. भारतातूनही विद्यार्थी इथे गेले. शीतयुद्धाचा काळ होता, त्यामुळे यात राजकारण होतंच. नवे स्वतंत्र झालेले देश आपल्या बाजूला यावेत हा हेतू उघड होता. पण आपल्याला आज त्यांची पद्धत बघायची आहे.

या पोरांना रशियन येत नव्हतं. इंजिनियरिंग, मेडिकल, शेती, सगळं शिक्षण मात्र रशियनमध्ये. मग काय करायचं? तर पहिलं एक पूर्ण वर्ष डिग्री सुरूच करायची नाही. ते वर्ष तयारी विभागात, म्हणजे 'पोदफाक'मध्ये घालवायचं. हा शब्द त्या पिढीतल्या कोणालाही विचारा, चेहऱ्यावर हसू येतं म्हणतात.

पोदफाकमध्ये चालायचं असं. वर्ग छोटा, आणि शक्यतो वेगवेगळ्या देशांतल्या पोरांचा. एक भारतीय, एक घानाचा, एक क्युबाचा, एक इराकचा. आपसात बोलायला सगळ्यांना मिळून एकच भाषा, ती म्हणजे मोडकी रशियन. हॉस्टेलच्या खोलीत परदेशी विद्यार्थ्यांसोबत एखादा सोव्हिएत विद्यार्थी ठेवलेला. तो रूममेट म्हणजे चोवीस तासांचा शिक्षक, आणि हो, त्या काळात थोडं लक्ष ठेवणाराही. पहिले काही आठवडे नुसते उच्चार. मग रोजचं बोलणं. आणि काही महिन्यांत गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीचे सोपे धडे रशियनमधून. शाळेत आधी शिकलेलंच परत शिकायचं, पण नव्या भाषेत. म्हणजे विषय ओळखीचा, शब्द अनोळखी. ही मला सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. एका वेळी एकच गोष्ट अवघड ठेवायची.

बरं, एक वर्षच का? अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. त्यांच्या हिशोबाने इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरती पक्की रशियन यायला सुमारे ११०० तास वर्ग लागतात. आपण गणित करू. रोज पाच तास, आठवड्याला सहा दिवस, तर ३० तास झाले. ११०० ला ३० ने भागा, जवळपास ३७ आठवडे. म्हणजे सुट्ट्या धरून एक शैक्षणिक वर्ष. दोन महासत्ता एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या, पण भाषेला किती वेळ लागतो यावर दोघींचा हिशोब साधारण जुळला!

आता विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे लगेच कळेल. पाठीला डबा बांधतात, काका पायऱ्यांवर उभे असतात, आणि मग पाण्यात ढकलतात. पोदफाक हेच होतं. पाणी खरं, पण डबा बांधलेला. नुसतं ढकललं असतं तर पोर बुडालं असतं. आणि नुसतं काठावर बसवलं असतं तर कोरडं राहिलं असतं. हा काठाचा मुद्दा लक्षात ठेवा.

याचं अगदी टोकाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, फक्त आपण त्याकडे भाषेच्या बाजूने बघत नाही. राकेश शर्मा. एप्रिल १९८४ मध्ये सोयुझ टी-११ मधून अवकाशात गेले. त्याआधी ते आणि रवीश मल्होत्रा मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत होते. वर्ग रशियनमध्ये, यानातली बटणं रशियनमध्ये, सोबतचे अंतराळवीर रशियन. म्हणून आधी भाषा, मग बाकीचं. आणि हे जुनं झालं असं समजू नका. गगनयानसाठी निवडलेले चार जण २०२० ते २०२१ मध्ये तिथेच प्रशिक्षण घेऊन आले, त्यात शुभांशू शुक्ला होते. त्यांच्याही अभ्यासक्रमात रशियन होती. यान कोणासाठी भाषा बदलत नाही.

आता आपल्या वर्ध्याच्या एका माणसाचं नाव घेतो. पांडुरंग खानखोजे. जन्म १८८४, वर्ध्याचा. गदर चळवळीतला क्रांतिकारक. १९२१ मध्ये बर्लिनमधल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गटासोबत तो मॉस्कोला गेला. भारताच्या स्वातंत्र्याला मदत मागायला. मदत काही हवी तशी मिळाली नाही. शिष्टमंडळाचं आयुष्य म्हणजे बैठका, वाट बघणं, परत बैठका. पुढे १९२४ मध्ये तो मेक्सिकोला गेला, आणि तिथे मात्र चापिंगोच्या शेतकी महाविद्यालयात शिकवायला लागला, मक्यावर संशोधन केलं. दिएगो रिवेराने त्याला भित्तिचित्रात रंगवलं. मॉस्कोत तो पाहुणा होता, मेक्सिकोत मास्तर. स्पॅनिशमध्ये वर्गाला समजावल्याशिवाय पगार नाही. मला या दोन मुक्कामांतला फरक फार महत्त्वाचा वाटतो. पाहुण्याला भाषा लागत नाही, काम करणाऱ्याला लागते. खानखोजे स्वातंत्र्यानंतर परत आला आणि १९६७ मध्ये नागपुरात वारला.

पाहुणा वाईट असं मी म्हणत नाही हं. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत संघात जाऊन आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. माणसं वाचणारी नजर त्यांच्याकडे होती. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. पण तो प्रवास होता, शिक्षण नव्हतं. आपला प्रश्न विद्यार्थ्यांचा आहे.

तर विद्यार्थी. १९६५ मध्ये दिल्लीत रशियन अभ्यासाची संस्था सुरू झाली, जी पुढे जेएनयूचा भाग झाली. १९६६ मध्ये मॉस्कोत पुश्किन इन्स्टिट्यूट सुरू झालं, परदेशी लोकांना रशियन शिकवण्यासाठीच. भारतातले रशियनचे विद्यार्थी आणि शिक्षक तिथे काही महिन्यांच्या, दहा-दहा महिन्यांच्या कोर्सला जायचे. आपल्याकडे पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकवली जायची, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात, मुंबईत विद्यापीठात आणि पेडर रोडवरच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात. म्हणजे क्रम बघा: आधी इथे व्याकरण, मग तिथे मुक्काम.

हा क्रम योगायोगाने बरोबर होता की काय, हे पुढे अमेरिकन संशोधकांनी मोजलं. ब्रेख्ट, डेव्हिडसन आणि गिन्सबर्ग या तिघांनी १९८४ ते १९९० या काळात रशियात शिकायला गेलेल्या ६५८ अमेरिकन विद्यार्थ्यांची माहिती तपासली. जाण्याआधी आणि आल्यानंतर, दोन्ही वेळा परीक्षा. निष्कर्ष असा की जाण्यापूर्वी ज्यांचं व्याकरण आणि वाचन पक्कं होतं, त्यांची बोलण्यात प्रगती जास्त झाली. 'व्याकरण सोडा, तिकडे जाऊन बोलायला शिका' या सल्ल्याच्या बरोबर उलट!

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: मुलींची प्रगती मुलांपेक्षा कमी. मुली कमी हुशार होत्या का? अजिबात नाही. दुसऱ्या एका संशोधिकेने, लिव्हिया पोलान्यीने, त्या विद्यार्थ्यांच्या डायऱ्या वाचल्या. मुलींच्या डायऱ्यांत वेगळीच कहाणी. एखाद्याशी गप्पा सुरू केल्या की तो गप्पांऐवजी लगट करायला लागायचा. मग बोलणं तुटायचं, किंवा बोलण्याचा सगळा जोर समोरच्याला टाळण्यात जायचा. म्हणजे मुलगा आणि मुलगी एकाच शहरात राहिले, तरी दोघांना मिळालेली भाषा एक नव्हती. मुलींना सुरक्षित, नेमाने बोलता येईल अशी माणसं शोधावी लागतात: हॉस्टेलची मावशी, वर्गातली मैत्रीण, लायब्ररीतली बाई. तिकडे निघालेल्या ताईंनी हे पहिल्याच आठवड्याच्या यादीत ठेवावं.

थोडं भाषेबद्दल, कारण आपल्याला वाटतं तितकी रशियन परकी नाही. भाऊ म्हणजे 'ब्रात', आपला भ्राता. आग म्हणजे 'अगोन', आपला अग्नी. दार म्हणजे 'द्वेर'. हिवाळा म्हणजे 'झिमा', आपलं हिम. आकाश म्हणजे 'नेबा', आपलं नभ. आणि मराठी बोलणाऱ्याला दोन खास फायदे आहेत. एक, तीन लिंगं. हिंदीवाल्याला नपुंसकलिंग नव्याने शिकावं लागतं, आपण 'ते झाड' लहानपणापासून म्हणतो. दोन, आपला 'चाक'मधला च. तो 'चहा'मधल्या च सारखा नाही, जीभ दातांकडे जाते. रशियनमध्ये हे दोन आवाज दोन वेगळ्या अक्षरांनी लिहितात. आपल्याला फक्त अक्षर पाठ करायचं, आवाज घरचाच.

अवघड काय? व्यंजनं कधी कडक, कधी मऊ, आणि तेवढ्याने अर्थ बदलतो. विभक्त्या सहा, आणि नामासोबत विशेषणही बदलतं. चालत जाणं आणि गाडीने जाणं याला वेगळी क्रियापदं. आणि प्रत्येक क्रियापदाची जोडी: काम करत होतो की करून टाकलं, ते क्रियापदातूनच सांगायचं. हे असं कानावर पडून आपोआप येत नाही बाप्पा. कोणीतरी चूक दाखवावी लागते, रोज.

या मेहनतीतून आपल्याला काय मिळालं, तेही बोलू. प्रगती आणि रादुगा ही मॉस्कोची प्रकाशनं मराठी पुस्तकं छापायची. जाड गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, किंमत अगदी कमी. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून ती घराघरांत गेली. अनिल हवालदार यांच्यासारखे मराठी अनुवादक त्यामागे होते. तुमच्या आईबाबांना विचारा, एखादं तरी आठवेल. मग डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. स्वस्त पुस्तकं थांबली, शिष्यवृत्त्या आटल्या. ज्यांनी आयुष्याची दहा वर्षं रशियनला दिली होती, त्यांच्या भाषेचा भाव एकदम पडला. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्या प्लॅटफॉर्मवर करिअर बांधलं, तोच बंद झाला.

आणि आता आजची गोष्ट. रशियात जाणारे आज बहुतेक मेडिकलचे. वर्षं सहा. आणि इथे एक मोठा बदल झालाय. लुमुंबाच्या काळात शिक्षण रशियनमध्ये होतं, आता आपल्या विद्यार्थ्यांचं इंग्रजीत. आपल्याकडच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा २०२१ चा नियमच आहे: कोर्स किमान ५४ महिने, त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप, आणि माध्यम इंग्रजी. नियमामागचं कारण समजण्यासारखं आहे. परत आल्यावर परीक्षा इंग्रजीत, प्रॅक्टिस भारतात.

पण हॉस्पिटलमधला पेशंट इंग्रजी माध्यमाचा नसतो! पुढच्या वर्षांत वॉर्डात जावं लागतं. तिथे एखादी आजी पलंगावर असते. तिला विचारायचं, "श्तो वास बेसपकोइत?", म्हणजे तुम्हाला काय त्रास होतोय? ती म्हणते, "लोमित." शब्दकोशात याचा अर्थ 'मोडतं'. इंग्रजीत विचार करणारा गोंधळतो, काय मोडलं, हाड? मराठी माणसाला मात्र लगेच कळायला हवं: अंग मोडून आलंय! "कोलेत" म्हणजे टोचतंय. आपल्या सेवाग्रामच्या दवाखान्यात येणारी बाई नाही का सांगत, कळ येते, ठणकते, सलते, चमक मारते? या प्रत्येक शब्दात डॉक्टरसाठी माहिती असते. हा शब्द कळला नाही तर तपासणी अर्धी, आणि तुमचं शिक्षणही अर्धं. कारण त्या वर्षांत खरी शाळा पेशंटच असतो.

आता पोदफाकशी ताडून बघा. तिथे वर्ग मिश्र होते, आता आपली पोरं आपल्याच पोरांसोबत. तिथे रूममेट रशियन, आता रूममेट अमरावतीचा नाहीतर लातूरचा. तिथे कॅन्टीनमध्ये मागायला शब्द लागायचा, आता इंडियन मेस. आणि खिशात मोबाइल, त्यात ट्रान्सलेटर, घरचा व्हिडिओ कॉल, आपल्या रील्स. यात पोरांना दोष देण्यासारखं काही नाही. उणे वीसमध्ये घरची पोळी-भाजी कोणाला नको? पण यालाच मी मघाशी काठ म्हणालो. विहिरीच्या काठावर सहा वर्षं बसलं तरी पोहता येत नाही.

आणि भाषा न येण्याची किंमत फक्त मार्कांत मोजू नका. २०२४ मध्ये बातम्या आल्या होत्या की नोकरीच्या आमिषाने रशियात नेलेले काही भारतीय तरुण थेट युद्धाच्या आघाडीवर पोचले. त्यांच्यापुढे सहीसाठी ठेवलेले करार रशियन भाषेत होते. ज्या कागदावर आपण सही करतो तो वाचता येणं, ही भाषेची सगळ्यात पहिली परीक्षा आहे.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. देशात जाणं म्हणजे भाषेत जाणं नव्हे. पोदफाकने जे त्या काळी व्यवस्था म्हणून दिलं, ते आता तुम्हाला स्वतः उभं करावं लागेल. जाण्याआधीचे चार-सहा महिने लिपी आणि व्याकरणाला द्या. लिपी दोन आठवड्यांत येते, ३३ अक्षरं आहेत फक्त. प्रवेशाच्या आधी विचारा की रशियनचे तास आठवड्याला किती, किती वर्षं, आणि परीक्षा होते का. फी किती हे सगळे विचारतात, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. तिथे गेल्यावर एक तरी खोली, एक तरी तास असा ठेवा जिथे मराठी, हिंदी, इंग्रजी चालणार नाही. आणि रोज चूक दाखवेल असा एक माणूस पकडा.

आईवडिलांनीही ऐकावं. लेकरू फोनवर म्हणालं की "इथे सगळे आपलेच आहेत, काही टेन्शन नाही", तर बरं वाटतंच. पण त्याला पुढचा प्रश्न विचारा: आज कोणाशी रशियनमध्ये बोललास, काय बोललास?

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कोणी सोव्हिएत काळात तिकडे शिकलं असेल, किंवा भिलाईत रशियन साहेबांसोबत काम केलं असेल, तर त्यांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे, आणि पोदफाकचे हे किस्से पुस्तकांपेक्षा त्यांच्याकडेच जास्त आहेत. हा भाग रशियाला निघालेल्या एखाद्या मित्राला, मैत्रिणीला पाठवा. भेटू पुढच्या भागात. 'दा स्विदानिया', म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत!